सोशिकपणाचा हिशेब

मराठीत 'सोशिक' हा शब्द स्तुतीचा आहे. घरातल्या एखाद्या बाईविषयी, कचेरीतल्या जुन्या कारकुनाविषयी, फार काय, गाडीला जुंपलेल्या बैलाविषयीसुद्धा आपण तो आदराने उच्चारतो. आणि एकदा तो उच्चारला की त्या व्यक्तीची अधिक विचारपूस करण्याचे कारण आपणांस उरत नाही. तो सोशिक आहे, म्हणजे त्याचे बरे चालले आहे, असा एक अर्थ आपण नकळत काढून मोकळे होतो. वस्तुतः ह्या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. जो सोसतो तो सद्गुणी, हे क्षणभर मान्य केले, तरी त्याच्या सोसण्यावर आपली सोय उभारणाऱ्याचे नैतिक स्थान कोणते? आणि स्वतः सोसणाऱ्याचेही, सोसण्यापलीकडे, काही कर्तव्य आहे की नाही? प्रस्तुत लेखात ह्या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी जे उदाहरण घ्यावयाचे ते नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. ते उदाहरण पाण्याचे. सृष्टीतील पदार्थांत पाण्याइतका सोशिक पदार्थ दुसरा क्वचितच असेल. मीठ, साखर, आम्ल, प्राणवायू, साबण, मैला, सर्वांना ते आपल्यात सामावून घेते. मनुष्य किती सोसतो हे मोजण्याचे साधन नाही. पाणी किती सोसते हे मात्र काचेच्या नळीत थेंब थेंब मोजता येते. म्हणून जे माणसाविषयी आपण धूसरपणे बोलतो ते पाण्याविषयी नेमकेपणाने बोलता येईल, आणि मग तो नेमकेपणा घेऊन पुन्हा माणसाकडे वळता येईल.

उदाहरणाची जागाही दूरची नको. बेंगळूरच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. मराठी माणसाच्या कानाला त्या नावात 'मराठा' ऐकू येतो, आणि १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते ह्या आठवणीने त्या ऐकण्यास बळ येते. परंतु कानडी पाटीवर 'त' आहे, 'ठ' नाही. आणि दुसऱ्याच्या गावावर आपले नाव कोरण्याची घाई न केलेली बरी. एकेकाळचे हे खेडे. १९४० मध्ये जवळच विमानांचा कारखाना निघाला, पुढे बाहेरचा वर्तुळमार्ग झाला, संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि शेताच्या बांधांवर इमारती उभ्या राहिल्या. ह्या वस्तीच्या नैर्ऋत्येस सुमारे नऊशे एकरांचा बेळंदूर तलाव आहे. त्याचे पाणी यमलूरच्या सांडव्यावरून पुढे वर्तूरच्या तलावात उतरते आणि तेथून दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यातून तामिळनाडूकडे जाते. शहराच्या फार मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे ह्याच वाटेने वाहत आले.

पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांतून देशभर गेले. सांडव्यावर पाणी पडे तेथे पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहू लागले. वाऱ्याने फेसाचे गोळे रस्त्यावर, वाहनांवर येऊन पडत. मे २०१५ मध्ये ह्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तलावाच्या परिसरात आगी लागल्या; शेवटची आग विझविण्यास लष्कराच्या जवानांनाही उतरावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने राज्यशासनास पन्नास कोटी रुपयांचा दंड केला. तलाव पेटला, ह्या वाक्यात विस्मय आहे, आणि त्या विस्मयानेच बहुतेकांचे समाधान झाले. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. पेटण्याच्या आधीच्या इतक्या वर्षांत पाणी काय सांगत होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. पाण्याच्या परीक्षणात जो आकडा बहुधा सर्वप्रथम लिहिला जातो तो 'सामू' ह्या नावाने आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो. इंग्रजीत त्यास पीएच म्हणतात. सात हा त्याचा मध्य. त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ असावा, असे भारतीय मानक आहे. आणि शहरी घरगुती सांडपाण्याचा सामू? तोही बहुतकरून ह्याच पट्ट्यात येतो! म्हणजे गटारातून वाहणारे पाणी घेऊन कोणी परीक्षणास बसला, आणि अहवालाच्या त्या एका रकान्यात त्याने प्रामाणिकपणे आकडा लिहिला, तर पुढचा शेरा तोही प्रामाणिकपणेच लिहू शकेल: 'मर्यादेत आहे.' ह्या शेऱ्यात खोटे काहीच नाही. तरीही तो वाचून जो निश्चिंत झाला त्याची फसवणूक झालेली आहे. खरे वाक्य फसवते कसे, हे समजून घ्यावयाचे तर पाण्याच्या घडणीत थोडे खोल उतरले पाहिजे.

पाण्याचा रेणू म्हणजे प्राणवायूचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन. हे दोन अणू प्राणवायूच्या दोहो बाजूंस सरळ रेषेत नसतात. ते सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून एका बाजूस झुकलेले असतात. ह्या झुकण्यामुळे रेणूच्या एका टोकास थोडा ऋण भार व दुसऱ्यास थोडा धन भार येतो, आणि प्रत्येक रेणू शेजाऱ्याचा हात धरून राहतो. पाण्याचे बहुतेक सारे गुण ह्या एका वाकड्या बसण्यातून निघतात: ते उशिरा तापते, उशिरा निवते, गोठले तर तरंगते, आणि भार असलेल्या पदार्थांना वेढून विरघळवते. ह्या रेणूंपैकी अगदी थोडे सतत दुभंगत व जुळत असतात. शुद्ध पाण्यात, २५ अंश तापमानास, सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू दुभंगलेला असतो. त्या दुभंगातून जो धनभारित हायड्रोजन मोकळा होतो त्याचे प्रमाण म्हणजे आम्लता.

इतक्या लहान प्रमाणांशी रोज व्यवहार करणे गैरसोयीचे होते. म्हणून १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन ह्या शास्त्रज्ञाने एक सुटसुटीत मोजपट्टी सुचविली. ही प्रयोगशाळा एका बिअर बनविणाऱ्या कारखान्याची होती, आणि सोरेन्सन तेथे एन्झाइमांचा अभ्यास करीत होता. त्याने प्रमाण न लिहिता त्याचा घातांक लिहिला. सामू सातावरून सहावर आला की आम्लता दसपट झाली. पाचावर आला की शंभरपट. सोय मोठी झाली, पण प्रत्येक सोयीस एक किंमत असते. मोठा बदल लहान आकड्यात मावू लागला. औद्योगिक युगाच्या आरंभापासून जगातील समुद्रांच्या पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ऐकणाऱ्यास वाटते, काय मोठेसे झाले! परंतु ह्या एक दशांशाचा अर्थ आम्लतेत सुमारे २६ टक्क्यांची वाढ असा आहे, आणि शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या जातीस ती जाणवते.

ही झाली आकड्याची एक मर्यादा. दुसरी अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठीच हा प्रपंच. लिटरभर ऊर्ध्वपातित पाणी घ्या आणि त्यात दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे एक घनसेंटिमीटर घाला. सामू सातावरून एकदम चारावर येतो; आम्लता हजारपट होते. आता मारतहळ्ळीतल्या कूपनलिकेसारख्या एखाद्या खोल कूपनलिकेचे पाणी घ्या, जे नळाच्या तोटीवर आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर धरते. त्यातही तेवढेच आम्ल घाला. सामू जेमतेम हलतो. असे का? पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकाची झीज करतो, आणि त्या झिजेतून पाण्यात बायकार्बोनेट येते. आम्लाचा थेंब पडला की हे बायकार्बोनेट पुढे होऊन तो आपल्या अंगावर घेते व त्यातून पाणी आणि वायू होऊन जातो. रसायनशास्त्रात अशा व्यवस्थेस 'बफर' म्हणतात. मात्र प्रत्येक थेंबागणिक बायकार्बोनेट खर्ची पडत असते. आकडा स्थिर आहे, कारण साठा खर्च होत आहे. साठा संपला की पुढचा थेंब, जो आधीच्या शंभर थेंबांहून मुळीच मोठा नसतो, तो सामू खाली कोसळवतो. पाहणारा म्हणतो, ह्या थेंबाने घात केला. वस्तुतः त्याचा दोष इतकाच की तो शेवटी आला.

हे दृश्य आपल्या स्वयंपाकघरातही रोज घडते. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. दुधातील केसीन ह्या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे पृष्ठभागावर ऋण भार बाळगतात, आणि त्यामुळे एकमेकांस दूर ठेवून तरंगत राहतात. दुधातील जंतू साखरेचे आम्ल करीत जातात. दूध तेही सोसते, कारण त्यातील फॉस्फेट आणि स्वतः प्रथिने बफरचे काम करतात. रंग तोच, दाटपणा तोच. सामू ४.६ च्या आसपास आला की केसीनवरचा भार नाहीसा होतो आणि गोळे एकमेकांस चिकटतात. ह्यालाच आपण विरजणे म्हणतो. पण जी गृहिणी दुपारचे दूध संध्याकाळी तापवत ठेवते तिला ह्याहून सूक्ष्म गोष्ट ठाऊक असते. पातेल्यात चांगले दिसणारे दूध विस्तवावर ठेवताच नासते. थंड असताना जे सोसले गेले ते उष्णतेची भर पडताच सोसवेनासे होते. दूध विस्तवावर नासले हे खरे. पण ते विस्तवाने नासवले असे मात्र नव्हे.

आपल्या रक्ताची गोष्ट तर ह्याहून मोलाची. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावा लागतो, कारण शरीरातील प्रथिनांची घडी व एन्झाइमांचे काम त्यांच्यावरील भारांच्या मांडणीवर अवलंबून असते, आणि सामू बदलला की ती मांडणी बदलते. उलट शरीर तर रात्रंदिवस आम्ल निर्माण करीत असते. केवळ कार्बन डायऑक्साइडच दिवसाला सुमारे पंधरा हजार मिलिमोल. तरी आकडा जागचा हलत नाही, कारण बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ही सारी मंडळी तो सांभाळीत असतात. मधुमेहाच्या एका अवस्थेत रक्तात आम्ले साचू लागतात. बायकार्बोनेट घटत जाते, रोगी खोल व जलद श्वास घेऊ लागतो, आणि सामू काही काळ जवळपास जागेवरच असतो. म्हणून जाणता वैद्य केवळ सामू पाहून उठत नाही. लिटरमागे चोवीस मिलिमोलच्या आसपास असावयाचे बायकार्बोनेट किती उरले आहे, हे तो विचारतो. आकडा कसा आहे, आणि तो कोणाच्या जिवावर तसा आहे, असे दोन प्रश्न त्याच्यापुढे असतात. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही.

येथे एक आक्षेप न्यायाने ऐकला पाहिजे. बफर ही काही लबाडी नव्हे. तो जीवनाचा आधार आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन, ज्याने १९०८ मध्ये बफरचे गणित मांडले, त्याने १९१३ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की जीव जसा परिस्थितीस अनुरूप होतो तशी परिस्थितीही, विशेषतः पाणी व कार्बनिक आम्ल, जीवनास विलक्षण अनुरूप आहे. पाणी व रक्त सोसणारे नसते तर पहिल्या लिंबाच्या फोडीबरोबर आपण संपलो असतो. मग सोशिकपणास दोष कसा द्यावा? द्यावयाचा नाहीच. स्थैर्य हे खरे मूल्य आहे, आणि ते देणाऱ्याचे ऋण मोठे आहे. दोष आहे तो वाचणाऱ्याचा. ज्याने सोसण्याचा आकडा सुस्थितीचा आकडा म्हणून वाचला, ज्याने न कण्हण्याला संमती मानले, तो चुकला. सोसणे हे सोसणाऱ्याचे दान आहे. ते आपले उत्पन्न आहे असे समजून ज्याने खर्चाचा अंदाज बांधला त्याचे अंदाजपत्रक मुळातच खोटे.

आता बेळंदूरकडे पुन्हा पाहू. तलावाचे साठेही असेच असतात. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये सातआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैला आला की जंतू तो पचवतात व त्यासाठी हा प्राणवायू खर्च करतात. वारा, लाटा आणि शेवाळ तो थोडाथोडा भरून देतात. जोवर भरणा खर्चास पुरतो तोवर तलाव शहराची घाण खरोखरच निस्तरत असतो. कपडे धुण्याच्या पावडरींतून येणारे फॉस्फेट तळाच्या मातीतील लोहाशी बांधले जाऊन खाली बसते. प्राणवायू संपला की ही गाठ सुटते आणि जपून ठेवलेले फॉस्फेट पुन्हा वर येते. जलपर्णीचे रान माजते. साबणासारख्या द्रव्यांचे पूर्ण विघटन होईनासे होते. ती गाळास चिकटून राहतात आणि पावसाने गाळ ढवळला की सांडव्यावर फेस होऊन उभी राहतात. गाळातून मिथेनसारखे ज्वालाग्राही वायू सुटतात. ह्यांतील कोणतीही गोष्ट सामूच्या रकान्यात दिसावयाची नाही.

त्या फेसातही एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व दुसरे पाण्यापासून पळते. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण ज्या मेदद्रव्यांचे बनलेले असते त्यांची घडणही तत्त्वतः अशीच दुतोंडी असते. पाण्याच्या त्याच ओढीने आणि त्याच दुराव्याने एका ठिकाणी जिवंत पेशीची भिंत उभी राहते आणि दुसऱ्या ठिकाणी यमलूरच्या रस्त्यावरील फेसाची. पाण्याने आपला धर्म दोन्ही ठिकाणी सारखाच पाळला. निसर्ग कोपला, असे म्हणून आपली सुटका होत नाही.

तशीच ती अज्ञानाच्या सबबीनेही होत नाही. सांडपाण्यात हवा खेळवून, जंतूंच्या गाळाकरवी ते शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर चालते ती १९१४ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे सिद्ध झाली. तिच्यामागे ज्याची प्रेरणा होती तो गिल्बर्ट फाउलर हा रसायनशास्त्रज्ञ १९१६ मध्ये कोठे आला? बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्राध्यापक म्हणून. ह्याच संस्थेत १९२१ मध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला. तलाव पेटण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे, पाण्याची सहनशक्ती कशी संपते आणि ती कशी भरून द्यावी, हे ज्ञान त्याच शहरात वास करीत होते. उणीव ज्ञानाची नव्हती. उणीव होती ती कोणीतरी ते ज्ञान योग्य कागदावर, योग्य वेळी लिहिण्याची.

आणि येथे हा विषय आपल्या दाराशी येतो. हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण परप्रांतात नेमणुकीवर आलेले, तीन किंवा चार वर्षांनी दुसरीकडे जावयाचे. चार्ज घेताना खुर्च्या, कपाटे, फायली, येणी, देणी, सर्वांची यादी होते. शेवटी सही होते. आपल्या कारकिर्दीत आकडा मर्यादेत होता, पूर्वीच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतही तो मर्यादेत होता, आणि पुढच्याच्या हाती आपण तो मर्यादेतच सोपवला. प्रत्येकाची सही खरी. परंतु बफरचे आयुष्य एका नेमणुकीहून मोठे असते. दहा जणांच्या कारकिर्दीत साठा खर्ची पडतो आणि अकराव्याच्या कारकिर्दीत तळे पेटते. चौकशी अकराव्याची होते. जो थेंब शेवटी आला त्यास जाब विचारणे सोपे. आधीच्या दहांनी केलेली यादी अपुरी होती हे म्हणणे अवघड, कारण त्या यादीत 'किती उरले' हा रकानाच नव्हता.

आपले जे अधिकारी मित्र ह्यावर म्हणतील त्याचीही मला कल्पना आहे. ते म्हणतील, आमच्याकडे जे मागितले जाते ते आम्ही लिहितो. नमुन्यात सामूचा रकाना आहे. तो आम्ही भरला. न मागितलेले लिहिणे हा अधिकारातिक्रम आहे, आणि प्रत्येकजण आपापली चिंता फायलीवर लिहू लागला तर राज्य चालावयाचे नाही. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. नमुना हा शिस्तीचा भाग आहे, आणि शिस्तीविना मोजमापास अर्थ नाही. परंतु नमुना हा प्रश्न विचारण्यासाठी केलेला असतो. प्रश्न संपविण्यासाठी नव्हे. ज्यास रकान्यापलीकडचे दिसले, आणि जे दिसले त्यावर इतरांचे आरोग्य अवलंबून आहे हे ज्यास कळले, त्याच्यावर ते कळणे हेच एक बंधन टाकते. असत्य न बोलणे हा सत्याचा अर्धा भाग झाला. दुसऱ्याने आपल्या वाक्यावरून जो अर्थ काढणार हे आपणांस पक्के ठाऊक आहे, तो अर्थ खोटा असताना गप्प न राहणे, हा उरलेला अर्धा. त्यासाठी बंड करावे लागत नाही. पुष्कळदा 'सामू मर्यादेत. विरघळलेला प्राणवायू नगण्य. क्षारता व गाळ तपासणे इष्ट' एवढी ओळ पुरते.

जुन्या काळी ह्या कामासाठी माणूसच नेमलेला असे. कर्नाटकातील तलावांवर 'नीरगंटी' असे. तूम उघडणे, बंद करणे, कोणाच्या शेतास किती पाणी जावयाचे ते पाहणे, हे त्याचे काम. आपल्याकडे खानदेशात फड पद्धतीच्या बंधाऱ्यांवर पाटकरी असे, तोही ह्याच जातीचा. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. पण त्यांची बदली होत नसे. ज्या पाण्याचा हिशेब ठेवावयाचा तेच पाणी त्यांची मुले पिणार होती. त्या व्यवस्थेत जातिभेद व अन्याय नव्हता असे कोणी म्हणू नये. इतकेच की 'किती उरले' हा प्रश्न विचारणारा कोणीतरी तळ्याच्या काठी कायम उभा होता. आपण त्यास काढले आणि त्याच्या जागी नमुना ठेवला. तेव्हा त्याचा प्रश्न नमुन्यात लिहून घेण्याचे राहून गेले.

आता सोसणाऱ्याच्या कर्तव्याकडे वळू. पाण्यास वाचा नाही; माणसास आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमला भागवत, ज्यांस आपण पुढे कमला सोहोनी ह्या नावाने ओळखतो, बेंगळूरच्या ह्याच विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास आल्या. वडील व चुलते ह्याच संस्थेचे विद्यार्थी. त्या वेळचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या परत फिरल्या नाहीत. त्यांनी आग्रह धरला, आणि अखेर एक वर्ष परीक्षणार्थी म्हणून, काही अपमानकारक अटींवर त्यांस घेण्यात आले. त्या अटी त्यांनी सोसल्या. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले, १९३६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली, आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. स्वदेशी परतल्यावर गरिबांच्या आहारातील कडधान्ये आणि नीरा यांचे पोषणमूल्य हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

ही कथा जिद्दीची म्हणून नेहमी सांगितली जाते. तीत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. त्यांनी सोसले, परंतु सोसल्याचा हिशेब पुसला नाही. पुढे मान मिळाला, वय झाले, रामन यांची थोरवी जगाने मानली. तरीही म्हातारपणी त्या भरसभेत स्पष्ट सांगत की ते थोर शास्त्रज्ञ होते, पण माझ्याशी वागताना त्यांचे मन संकुचित होते. थोरवी व संकोच ही दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात ठेवली. एकाने दुसऱ्यास झाकू दिले नाही. 'आता काय त्याचे, सारे चांगलेच झाले,' असे म्हटले असते तर ऐकणाऱ्यांस बरे वाटले असते. पण मग त्या दाराशी पुढे येणाऱ्या मुलीस, हे दार आपोआप उघडले होते, असा खोटा समज झाला असता. त्यांनी आकड्यासोबत साठ्याचाही खर्च नोंदवला.

तेव्हा आरंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्या मते अशी आहेत. जो दुसऱ्याच्या सोशिकपणावर जगतो, आणि थोड्याफार प्रमाणात आपण सारेच तसे जगतो, त्याने केवळ तक्रार आली नाही म्हणून स्वस्थ बसू नये. स्थिर आकडा दिसला की तो कोणी धरून ठेवला आहे, हे विचारणे त्याचे कर्तव्य आहे. घरी, कचेरीत, तळ्याच्या काठी, हा प्रश्न सारखाच लागू आहे. आणि जो सोसतो त्याने, शक्य असेल तेथे, सोसल्याची नोंद ठेवावी. सूडासाठी नव्हे. आपल्या मागून येणाऱ्यास साठा किती उरला ते कळावे म्हणून. मुकाट सोसण्यात मोठेपणा असेल, पण त्यात एक अपुरेपणाही आहे: त्यामुळे अन्याय करणाऱ्यास आपला अन्याय कधी दिसतच नाही, आणि सुधारण्याची त्याची संधीही हिरावली जाते.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांस ह्याचे एक जास्त अंग आहे. आपण ज्या गावचे पाणी पितो ते बहुधा आपल्या गावचे नसते. ते आपणांस, आपली भाषा, आपला गोतावळा न विचारता मिळाले. मारतहळ्ळी असो की दुसरी कोणतीही वस्ती, तेथून आपण एक दिवस निघून जाऊ. चार्ज देऊ, सही करू. त्या सहीच्या वर, नमुन्यात जागा नसली तर समासात, एक ओळ अधिक लिहिणे आपल्या हाती आहे. ती ओळ कोणी वाचील याची खात्री नाही. परंतु जे पाणी आपले सारे सोसत आले त्याची बाजू कागदावर आणण्यास त्या ओळीखेरीज दुसरा कोणी साक्षीदार नाही.